टाळेबंदीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



विषयपत्रिकेवर ‘साथीचा रोग आणि शेतकऱ्याचा हिशेब’ असे छापलेले पाहून सकाळपासून चारपाच जणांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, की कोरोना जाऊन वर्षे झाली, आता तो कशाला उकरून काढता? कापसाच्या भावाचे बोला. आम्ही भावाचेच बोलणार आहोत. मार्च २०२० मध्ये ज्यांच्या घरात कापूस होता त्यांनी जरा आठवून पाहावे. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, लेकराबाळांच्या अंगाला खाज, वर उन्हाळा, कापूस रोज वाळून वजनात घटतो आहे आणि केंद्राला कुलूप. तो कापूस शेवटी कोणत्या भावाने गेला, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. साथ पुन्हा येणार नाही असे कोणी लिहून दिलेले नाही. पुढच्या वेळी सरकार पुन्हा एका रात्रीत सगळे बंद करील, तेव्हा आपण काय म्हणायचे, हे आज शांत डोक्याने ठरवलेले बरे. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही.

या विषयावर गावोगाव पारावर दोन तट आहेत. एक म्हणतो, रोग नव्हताच, सगळे थोतांड होते, डॉक्टर आणि औषधवाल्यांनी पैसे केले. दुसरा म्हणतो, शिर सलामत तर पगडी पचास, जीव वाचला हेच खूप, पैशाचे काय घेऊन बसलात. दोघांनाही आमचा नकार आहे.

पहिल्याला आकडेच सांगतो. आपल्या राज्यात सरकारी नोंदीप्रमाणे या रोगाने १ लाख ४८ हजारांच्या आसपास माणसे गेली. ही नोंद कमी आहे म्हणून भांडण आहे, ते बाजूला ठेवा. देशात २०२० साली जन्ममृत्यू नोंदवहीत सुमारे ८१ लाख मृत्यू लिहिले गेले, २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षात वीस लाखांची वाढ. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्री जागवल्या, त्यांच्यापुढे उभे राहून ‘थोतांड’ हा शब्द काढायची कोणाची छाती असेल तर त्याने काढावा.

दुसऱ्याला एवढेच विचारतो, की बाबा, तुझा पगार चालू होता का? ज्याच्या खात्यात एक तारखेला रक्कम जमा होते त्याला ‘घरात बसा’ हे वाक्य फार स्वस्त पडते. रोजाने कापूस वेचणाऱ्या बाईला तेच वाक्य रोज एका हजेरीला पडते. जीव की पैसा असा प्रश्न घालणारे एक विसरतात. कोरडवाहू घरात पैसा म्हणजे पुढच्या हंगामाचे बियाणे, आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे गाडीभाडे आणि सावकाराच्या दारात न जाण्याची सोय. त्यालाही जीवच म्हणतात.

आता आमच्या मूळ धंद्यावर येतो. आम्ही कृषी पदवी घेतली तेव्हा कीटकशास्त्राच्या तासाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती: अळी दिसली म्हणून फवारायचे नसते. आधी मोजायचे. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठदहा पतंग सापडले, किंवा शंभरातली पाच ते दहा फुले-बोंडे किडलेली निघाली, की मग फवारायचे. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. म्हणजे अळी जेवढे खाणार त्याची किंमत फवारणीच्या खर्चाहून जास्त होते, ती जागा. त्याच्या आधी फवारले तर पैसा वाया, मित्रकीटक मेले. त्याच्या नंतर फवारले तर गुलाबी अळी बोंडात शिरलेली, औषध बोंडाबाहेर. आणि औषधाचेही विष असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारता फवारता विसेक शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले. अळी खरी होती, नुकसान खरे होते, तरी उपायाने माणसे मारली.

साथीचे तेच आहे. अंतर ठेवणे ही फवारणी. तिचा गुण आहे, तिची किंमत आहे, तिची वेळ आहे आणि तिचे विषही आहे. चारही मोजल्याशिवाय ‘टाळेबंदी चांगली की वाईट’ हा वाद म्हणजे ‘औषध चांगले की वाईट’ असा वाद. कोणते औषध, कोणत्या अळीला, कोणत्या दिवशी, किती पाण्यात, हे विचारा.

पण एक फरक आहे. आपल्या वावरात आपण फवारले नाही तर नुकसान आपले. साथीत तसे नाही. याला बरोबर जुळणारे उदाहरण फरदडीचे आहे. डिसेंबरनंतर कापूस ठेवू नका, पऱ्हाटी उपटा, असे विद्यापीठ सांगते. ज्याच्याकडे दोन पाणी द्यायची सोय आहे तो म्हणतो, मला पाचसहा क्विंटल अजून निघतात, का उपटू? त्याच्या हिशेबाने तो चुकत नाही. पण त्याच्या फरदडीत पोसलेली गुलाबी अळी पुढच्या हंगामात धुऱ्यापलीकडच्याच्या बोंडात जाते. नफा एकाचा, नुकसान शेजाऱ्याचे. ताप अंगात घेऊन लग्नाला जाणारा माणूस आणि फरदड ठेवणारा शेतकरी यांच्यात हिशेबाच्या दृष्टीने काही फरक नाही. म्हणून साथीत ‘ज्याचे त्याने पाहावे’ हे चालत नाही, गावाला आणि सरकारला मध्ये पडावे लागते. आमच्यासारख्या उठताबसता सरकारला ‘आमच्या व्यवहारात नाक खुपसू नका’ म्हणणाऱ्यांनीही हे कबूल केले पाहिजे.

मात्र शेजाऱ्याच्या भल्यासाठी ज्याला पऱ्हाटी उपटायला लावता, त्याच्या पाचसहा क्विंटलचे काय? ते कोणी विचारत नाही. भांडण तिथे आहे.

आता २०२० मध्ये काय झाले ते क्रमाने पाहू. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा आणि बारा वाजल्यापासून देश बंद. मधे चार तास. देशात तेव्हा सापडलेले रुग्ण पाचशेच्या आसपास. पुढे मुदत वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली, म्हणजे ६८ दिवस. जगातल्या सरकारांनी किती कडक बंधने घातली याचा एक निर्देशांक ऑक्सफर्ड विद्यापीठाने काढला होता. त्यात आपल्याला शंभरपैकी शंभर गुण पडले. शाळेत कधी पडले नाहीत ते इथे पडले.

या बंदीचा उपयोग झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याने २० एप्रिलला सांगितले, की बंदीपूर्वी साडेतीन दिवसांत रुग्ण दुप्पट होत होते, ते आता साडेसात दिवसांत होतात. दुपटीचा हिशेब शेतकऱ्याला सांगायला नको, सावकाराच्या चक्रवाढीवर आपण वाढलो आहोत. साडेतीनाचे साडेसात झाले म्हणजे वेळ मिळाला. खाटा वाढवायला, डॉक्टरांना साधने द्यायला, तपासणीची सोय करायला. टाळेबंदीने रोग जात नाही, वेळ विकत मिळतो. तो वेळ किती रुपयांना घेतला, कोणाच्या खिशातून घेतला आणि त्या वेळेचे काय केले, हे तीन प्रश्न उरतात.

वेळेचे काय केले ते एप्रिल २०२१ ने दाखवले. वर्षभर वेळ मिळूनही जिल्ह्याच्या गावी ऑक्सिजन नव्हता.

किंमत किती, तर एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांत देशाचे उत्पन्न आधीच्या वर्षापेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरले असा पहिला सरकारी अंदाज आला. त्याच तिमाहीत शेती ३.४ टक्क्यांनी वाढली. दिल्लीत लोकांनी शेतकऱ्याची पाठ थोपटली, शेतीने देश तारला म्हणून. भावांनो, ती वाढ पिकलेल्या मालाची होती. माल पिकला की आकडा वाढतो. विकला की नाही, कोणत्या भावाने विकला, हे त्या आकड्यात दिसत नाही. घरात पडलेला कापूसही त्या वाढीत धरलेला असतो.

आता कोणाच्या खिशातून, ते बघा. २०१९-२० च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५५५० रुपये होता, मध्यम धाग्याचा ५२५५. मार्चअखेर सीसीआय आणि पणन महासंघाची खरेदी थांबली. गिरण्या बंद, न्यूयॉर्कच्या बाजारात रुई पौंडाला ५० सेंटच्या खाली गेली. व्यापारी हमीभावाच्या हजार रुपये खाली मागू लागला. इथे प्रामाणिकपणे एक सांगितले पाहिजे: त्या वर्षी बाजार समित्या उघड्या असत्या तरी खासगी भाव पडलाच असता, कारण जगातच मागणी नव्हती. म्हणूनच तर त्या दोन महिन्यांत हमीभावाच्या केंद्राची गरज नेहमीपेक्षा जास्त होती, आणि नेमके तेच बंद. पाऊस नसताना छत्री देणारे आणि पाऊस आला की परत मागणारे सरकार आपल्याला नवे नाही.

हिशेब करा. घरात २० क्विंटल, क्विंटलमागे हजाराचे नुकसान, म्हणजे २० हजार. याच्या बदल्यात काय मिळाले? पीएम किसानचे २ हजार. ते तर वर्षाच्या ६ हजारांतलेच होते, नुसते लवकर दिले आणि जाहिरात केली. मजुराचे बघा. रोजगार हमीची मजुरी १ एप्रिल २०२० पासून आपल्या राज्यात २३८ रुपये झाली. ६८ दिवसांत चाळीस हजेऱ्या बुडाल्या असे धरले तर ९५२० रुपये. तिच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० प्रमाणे तीन महिन्यांचे १५०० आले. माणशी पाच किलो फुकट धान्य आले आणि घरामागे एक किलो डाळ. ते धान्य फार उपयोगी पडले, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. ज्यांच्या कणगीत ज्वारी होती त्यांनाही तिने तारले. कापूस खाता येत नाही, हे त्या उन्हाळ्यात पुष्कळांना नव्याने कळले. पण ९५२० मधून १५०० वजा केले तर उरलेल्याचा वाली कोण? कर्जाचे हप्ते पुढे ढकलले, व्याजाचे मीटर मात्र चालूच राहिले.

खरेदी एप्रिलच्या शेवटी हळूहळू पुन्हा सुरू झाली. जिनिंगचे परप्रांतीय मजूर निघून गेलेले, म्हणून दिवसाला मोजक्या गाड्या. नोंदणी मोबाइलवर, निरोपाची वाट पाहायची, नंबर लागला तर ओलावा मोजणार, एफएक्यू नसेल तर परत. ज्यांनी १९७२ नंतरच्या एकाधिकार खरेदीतल्या बैलगाड्यांच्या रांगा पाहिल्या आहेत त्यांना नंबराचे नवल नव्हते. पण पूर्वी रांगेत उभे राहून भांडता तरी येत होते, मोबाइलशी भांडता येत नाही. सीसीआयने त्या हंगामात देशभरात १ कोटी ५ लाखांच्या आसपास गाठींचा कापूस घेतला, हा मोठा आकडा आहे आणि तो खरा आहे. ज्याचा नंबर लागला त्याला हमीभाव मिळाला. पण पेरणी जूनमध्ये येते, ती कोणाच्या नंबरासाठी थांबत नाही. बियाण्याला पैसे हवे होते म्हणून ज्याला मे महिन्यात विकावे लागले तो बहुधा सर्वांत लहान शेतकरी होता. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा त्याच्या घरात बोंडही नव्हते.

आता विचारा, की हे बंद करण्याची गरज होती का? केंद्राच्या गृहखात्याने २७ मार्चलाच, म्हणजे तिसऱ्या दिवशी, शेतातली कामे, बाजार समित्या, बियाणे-खते यांना सूट दिली होती. कागद निघाला. तो कागद तालुक्याच्या नाक्यावरच्या दांडक्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले, हे ज्यांच्या पाठीवर वळ उठले त्यांना विचारा. हुकूम चार तासांत पोचतो, सूट मात्र चार आठवड्यांत.

आणि रोग कुठे पसरतो ते पाहा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासले. झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांना रोग होऊन गेलेला आढळला, इमारतींत १६ जणांना. हुकूम दोघांना एकच होता. पण दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे आणि चाळीस घरांना एक संडास असेल तर अंतर ठेवायचे कुठे? तिथे ‘घरात बसा’ म्हणजे रोगाबरोबर बसा. उलट वावरात दोन सऱ्यांवर दोन माणसे वखरत-निंदत असतील तर ती आपोआपच दूर असतात, डोक्यावर आभाळ असते. केंद्राचे आवार एकरभर मोकळे असते. गाडीवर एकच माणूस, गाडीगाडीत दहा हात अंतर, गावागणिक दिवस वाटून दिलेला, काटा करणाऱ्याच्या तोंडाला कापड, एवढे केले असते तर रोगाला तिथे फारसे काही मिळाले नसते. ज्याने रोग पसरतो ते आणि ज्याने पोट चालते ते, असे दोन ढीग वेगळे करायचे होते. काही कामे दोन्हीत येतात, तिथेच खरी ओढाताण असते. पण कापसाची खरेदी त्या ओढाताणीतली नव्हती.

जिल्ह्याजिल्ह्यातला फरकही कोणी पाहिला नाही. वर्धा जिल्ह्यात पहिला रुग्ण सापडला तो मे २०२० मध्ये. गडचिरोलीतही मे मध्येच. मुंबईच्या अळीसाठी वर्ध्याच्या वावरात फवारणी झाली. जिल्ह्याची नाकी बंद ठेवणे समजू शकते, त्याचा वर्ध्याला फायदाच झाला. पण नाके बंद असताना आतले जिनिंग आणि आठवडी बाजार कशासाठी बंद? आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रोग खरोखर वाढला, तेव्हा लोकांच्या अंगात बंदी सोसायचे त्राण उरले नव्हते. पहिल्या पंधरवड्यात पंप रिकामा केला की बोंडे धरताना टाकीत काही राहत नाही.

मजुरांचे तर बोलवत नाही. शहरातल्या माणसांना पहिल्या आठवड्यात, रोग थोडा असताना, तपासून घरी पाठवले असते तर फारच थोडा रोग गावात आला असता. त्यांना पाच आठवडे त्याच खोल्यांत कोंडले आणि १ मे पासून रेल्वे सोडल्या. तोवर मुंबई पेटलेली होती. ज्यांना गाडी मिळाली नाही ते रुळांवरून चालले. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायचे होते. ते कोणत्या आकड्यात धरायचे, रोगाच्या की उपायाच्या? ऊसतोड मजुरांच्या बाबतीत राज्य सरकारने १७ एप्रिलला तपासणी करून गावी जाऊ देण्याचा हुकूम काढला. उशिरा का होईना, ते करता येते हे सिद्ध झाले.

काही मंडळी म्हणतात, बंदी केलीच नसती तर सगळे सुरळीत चालले असते. हेही खरे नाही. अमेरिकेत गूल्सबी आणि सीव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून पाहिले, की एका बाजूला बंदी आणि रस्त्यापलीकडच्या जिल्ह्यात बंदी नाही, अशा ठिकाणी दुकानांची गर्दी किती घटली. एकूण घट ६० टक्के, त्यात कायद्यामुळे झालेली फक्त ७. बाकी भीतीमुळे. लोक आपणहून घरी बसले. स्वीडनने दुकाने आणि लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या. २०२० मध्ये तिथे शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा दर लाखामागे कितीतरी जास्त माणसे गेली, आणि धंद्यात ते शेजाऱ्यांच्या पुढे गेले असेही नाही. रोग मोकाट सोडला तर व्यवहार आपोआप मरतो. म्हणून ‘अंतर की पोट’ अशी सरळ वाटणी नसते. अंतर नीट पाळले तर पोटही सांभाळले जाते, ते आंधळेपणाने पाळले तर दोन्ही जातात.

आपल्या मुलखाला हे नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तिथून तो रेल्वेच्या आणि बाजाराच्या वाटेने गावोगाव फिरला. घरात उंदीर पडला की गाव उठायचे. माणसे आपापल्या रानात पालाकुडाच्या खोपी घालून महिनामहिना राहायची. घरे ओस, पण गुरांचे दूध निघत होते, ज्वारीची राखण होत होती. अंतरही राहिले, काम थांबले नाही. त्याच वेळी पुण्यात रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत घुसून सामान रस्त्यावर फेकत होते, बायामाणसांची झडती घेत होते. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री कसा झाला हे शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच साथीत सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. पुढे १९१८ ची मानमोडी. तेव्हा सरकारने हात वर केले होते, पाऊसही गेला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त माणसे गमावलेल्या भागांपैकी एक ठरला. काहीच न करण्याचा भाव तो.

इंग्रजांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. त्याच कायद्याखाली आपल्या सरकारने मार्च २०२० मध्ये हुकूम काढले, जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. हा १८९७ चा कायदा मूळचा चार कलमांचा. चौथ्या कलमात हुकूम बजावणाऱ्या अंमलदाराला संरक्षण आहे, ते सगळ्यांना पाठ आहे. पण दुसऱ्या कलमात आणखी एक गोष्ट आहे: अशा उपायांचा खर्च, आणि द्यायची झाली तर नुकसानभरपाई, कोणी कशी सोसायची हे सरकार ठरवू शकते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, परक्या सरकारच्या, प्लेगच्या घाईत केलेल्या कायद्यालाही कळले होते, की उपायाला खर्च असतो आणि तो कोणाच्या तरी खात्यावर पडतो. ते शब्द २०२० मध्येही कायद्यात जागेवर होते. शेतकऱ्यासाठी ते कोणी वाचले नाहीत.

आता आपल्या घरचे थोडे. सरकारला बोलायचे तर गावालाही बोलले पाहिजे. दुसऱ्या लाटेत तापाचे माणूस लपवून ठेवले गेले, कारण तपासले की उचलून नेतात ही भीती. लग्नात पाचपाचशे पाने उठली, तेरव्याला त्याहून जास्त. तेराव्याचे जेवण जेवून आलेल्यांचे तेरावे घातलेली गावे या जिल्ह्यात आहेत. ज्या दिवशी आपण हमीभावाच्या केंद्राला ‘अत्यावश्यक’ म्हणू, त्याच दिवशी लग्नाच्या पंगतीला ‘थांबेल’ म्हणायची तयारी पाहिजे. साथ असेल तेव्हा आपल्या संघटनेने मेळावे घ्यायचे नाहीत, पत्रकावर आणि लहान बैठकांवर भागवायचे, असे आमचे मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी चहानंतर उठून बोलावे.

शाळेचे कोणी बोलत नाही म्हणून एक वाक्य. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० मध्ये बंद झाले ते १ डिसेंबर २०२१ ला उघडले. तोवर दारूची दुकाने कितीदा उघडली-मिटली ते मोजा. ज्याच्या घरी एकच मोबाइल, तोही बापाच्या खिशात, त्या पोरीचे ते दीड-पावणेदोन वर्ष कोणत्या ताळेबंदात लिहिणार?

आता कामाचे. २००५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाची योजना करावी लागते आणि ती दरवर्षी तपासून सुधारावी लागते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. या योजनेत पूर, वीज, आग हे असते. साथ आली तर कापसाची खरेदी कशी चालू ठेवायची याचे पान त्यात घालायचे आहे. त्या पानावर आम्हाला हवे ते असे: हमीभावाची केंद्रे आणि रेशनची दुकाने एकाच यादीत, म्हणजे रेशन चालू तर खरेदी चालू. गावागणिक दिवस आणि गाड्या आधी ठरलेल्या, नोंदणी ग्रामपंचायतीत कागदावरही करता यावी. बंदीचा निर्णय तालुक्यातले रुग्ण आणि रिकाम्या खाटा मोजून, आणि किती झाले की बंद, किती खाली आले की सुरू, हे आकडे आधीच छापलेले, जसे सापळ्यातल्या पतंगांचे छापलेले असतात. केंद्र बंद ठेवावेच लागले तर बंदीच्या दिवसांत हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यावर, आणि मजुराला बुडालेल्या हजेरीचे रोजगार हमीच्या दराने. पैसे कुठून आणणार, असे साहेब विचारतील. त्यांना सांगायचे, की पैसे मागच्या वेळीही गेलेच, फक्त आमच्या घरातून गेले. या वेळी ते आधी अंदाजपत्रकात लिहून ठेवा.

त्यासाठी आपल्या हातात कागद पाहिजे, तोंडी रडगाणे साहेब ऐकून घेतात आणि चहा पाजतात. मार्च ते जून २०२० मधल्या कापूस विक्रीच्या पट्ट्या, आडत्याच्या चिठ्ठ्या, सीसीआयच्या पावत्या, बँकेचे पासबुक, ज्याच्याकडे जे असेल त्याची नक्कल गावच्या कार्यकर्त्याकडे द्या. पट्टी हरवली असेल तर बाजार समितीच्या वहीत नोंद असते, ती मागून घ्या, देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, नमुना इथे टेबलावर ठेवला आहे. मजुरांच्या हजेरीसाठी प्रत्येक गावातून दहा घरांचे कच्चे टिपण पुरे, त्यात निम्मी घरे बिनशेतीची असावीत. तालुक्यांनी हे सगळे पुढच्या बैठकीच्या आठ दिवस आधी जिल्हा कचेरीत पोचवावे. बेरीज आम्ही करू, आणि ती घेऊन प्रत्येक तालुक्याचे दोन शेतकरी, एक मजूर बाई असे शिष्टमंडळ जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. नावे आजच द्या, वही मागच्या रांगेत फिरते आहे.